ग्रीकांचे स्वातंत्र्य कोणी विकले?

'मॅसिडोनियाच्या फिलिपने ग्रीकांचे स्वातंत्र्य हिरावून घेतले.' आमच्या पिढीतील कला शाखेच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत केव्हा ना केव्हा लिहिले असेल. मीही लिहिले आहे आणि त्याचे पुरेपूर गुणही घेतले आहेत. पदवी मिळाल्यावर वृत्तपत्राच्या धकाधकीत ग्रीक इतिहास मागे पडला. पुढे चाळिशी उलटल्यावर थ्युसिडिडीज आणि झेनोफन यांचे ग्रंथ निवांतपणे वाचायला घेतले, तेव्हा त्या वाक्याची लाज वाटू लागली. कारण इ.स.पू. ३३८ मध्ये फिलिप कायरोनियाच्या मैदानात उतरला, तेव्हा हिरावून घेण्याजोगे फारसे काही उरलेच नव्हते. जे होते ते त्याआधीच्या शंभर वर्षांत ग्रीकांनीच एकमेकांच्या द्वेषापायी उधळले होते, आणि त्याचा बराचसा भाग तर इराणी सम्राटाला रोख मोबदला घेऊन विकला होता.

हे विधान काहींना कठोर वाटेल. अथेन्स म्हणजे लोकशाहीचे माहेरघर, सॉक्रेटिसाची आणि सोफोक्लीजची नगरी, अशी प्रतिमा आपल्या मनावर इतकी ठसलेली आहे की तिच्या पलीकडे पाहणे म्हणजे जणू पाप! आपल्याकडील अग्रलेखांतून अथेन्सचा दाखला येतो तो नेहमी पेरिक्लीजच्या वक्तृत्वाचा. मेलॉसचा दाखला कोणी देत नाही. या नगरराज्यांच्या आपसांतील स्पर्धेमुळेच तेथे प्रतिभा बहरली, असाही एक सिद्धांत मोठ्या प्रौढीने मांडला जातो. स्पर्धेने नाटके लिहिली गेली हे खरे आहे. पण त्याच स्पर्धेने कोणत्या गावांतील सारे पुरुष कापले गेले, याचा हिशेब कोणी मांडायचा?

एकत्वाची जाणीव नव्हती काय?

या नगरराज्यांचा बचाव करणारे पहिली ढाल पुढे करतात ती अशी: 'ग्रीक हे एक राष्ट्र आहे अशी भावनाच त्या काळी नव्हती. अथेनियन आणि स्पार्टन हे एकमेकांना परकेच. मग बंधुद्रोहाचा आरोप कसा लागू होईल?' हा बचाव टिकत नाही, आणि तो खोडून काढणारा साक्षीदार खुद्द हेरोडोटस आहे.

इ.स.पू. ४८० च्या सालामिसच्या आरमारी विजयानंतर इराणी सेनापती मार्डोनियस याने अथेन्सला स्वतंत्र तहाचे आमिष दाखविले. अथेन्स फुटेल या भीतीने स्पार्टाचे दूत धावत आले. त्यांना अथेनियनांनी दिलेले उत्तर हेरोडोटसने नोंदवून ठेवले आहे. ग्रीकांचे रक्त एक, भाषा एक, देवस्थाने आणि यज्ञयाग समान, रीतिरिवाज सारखे. त्यांच्याशी द्रोह करणे अथेन्सला शोभणार नाही, असा त्या उत्तराचा आशय आहे. एकत्वाची याहून नेमकी व्याख्या आजच्या समाजशास्त्रज्ञालाही करता येईल की नाही, शंकाच आहे. तेव्हा जाणीव नव्हती असे म्हणू नका. जाणीव होती, उच्चारलेली होती, आणि पुढच्याच वर्षी, इ.स.पू. ४७९ मध्ये, प्लाटिआच्या रणभूमीवर ती रक्ताने सिद्धही झाली होती. (जाता जाता एक गोष्ट. त्या लढाईत मार्डोनियसच्या बाजूने भारतीय पथकही उभे होते. सुती वस्त्रे आणि वेताची धनुष्ये असे त्यांचे वर्णन हेरोडोटस करतो. ग्रीकांच्या या घरच्या कथेत आपलाही एक कोपरा आहे तो असा!)

विजयानंतर डेल्फीच्या देवस्थानी एक कांस्यस्तंभ अर्पण करण्यात आला. एकमेकांभोवती वेटोळे घातलेले तीन सर्प, आणि त्यांच्या वेटोळ्यांवर कोरलेली एकतीस ग्रीक राज्यांची नावे. हा स्तंभ भग्नावस्थेत आजही इस्तंबूलमध्ये उभा आहे. सम्राट कॉन्स्टन्टाईनने तो तेथे नेला. एकतीस नावे! ग्रीक नगरराज्यांची संख्या शेकड्यांनी मोजली जाई. थेब्ज तर उघडउघड इराण्यांच्या छावणीत होते आणि आर्गॉस हात बांधून बसले होते. म्हणजे सर्वांत उज्ज्वल क्षणीही एकी अर्धीमुर्धीच होती. तरीही त्या एकतीसांनी जे करून दाखविले, ते इतिहासात अजोड आहे. प्रश्न आहे तो पुढच्या पन्नास वर्षांचा.

मित्रांचे मांडलिक

इराणच्या पुन्हा होणाऱ्या स्वारीला तोंड देण्यासाठी इ.स.पू. ४७८-७७ मध्ये अथेन्सच्या नेतृत्वाखाली एक संघ स्थापन झाला. खजिना डेलॉस या पवित्र बेटावर ठेवण्याचे ठरले. पहिली वर्गणी ४६० टॅलंट (एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी) असे थ्युसिडिडीज सांगतो. हेतू उदात्त होता, यात शंका नाही. परंतु काही वर्षांतच नॅक्सॉसने संघातून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा अथेन्सने वेढा घालून त्याला गुडघे टेकायला लावले. मग थॅसॉसची पाळी आली. त्याची तटबंदी पाडली गेली, आरमार काढून घेतले गेले. इ.स.पू. ४५४ मध्ये खजिना डेलॉसहून उचलून अथेन्सला आणण्यात आला. वर्गणीचा खंडणी कधी झाला, ते देणाऱ्यांना कळले. घेणाऱ्यांनी मात्र शब्द बदलला नाही. वसुलीचा साठावा हिस्सा अथेना देवीला वाहिला जाई आणि त्याचे तपशील संगमरवरावर कोरले जात. त्या शिलालेखांचे तुकडे आजही उपलब्ध आहेत. मित्रांच्या पैशाने आपली नगरी नटवणे हे एखाद्या दिखाऊ स्त्रीसारखे आहे, असा आक्षेप पेरिक्लीजवर अथेन्समध्येच घेतला गेला होता, असे प्लुटार्क लिहितो. पार्थेनॉनच्या खांबांकडे पाहून ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांनी ही एक ओळही लक्षात ठेवायला हरकत नाही.

इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात ते सत्तावीस वर्षांचे महायुद्ध पेटले. त्याचा पहिला वार पडला तो प्लाटिआवर.

प्लाटिआची कहाणी मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण साऱ्या ग्रीक इतिहासाचे मर्म या एका छोट्या नगरीत दडलेले आहे. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनवर अथेन्सच्या मदतीला सर्व बळानिशी धावून गेलेली एकमेव नगरी ती हीच. इराण्यांचा अंतिम पराभव झाला तोही तिच्याच भूमीवर. त्या विजयानंतर स्पार्टाचा सेनापती पॉसॅनियस याने सर्व मित्रांच्या साक्षीने प्लाटिआला तिच्या स्वातंत्र्याचे अभिवचन दिले. तेथे धारातीर्थी पडलेल्या स्पार्टन वीरांच्या समाध्या प्लाटिआच्या शिवारात होत्या, आणि प्लाटिआचे लोक दरवर्षी त्यांना वस्त्रे आणि शेतातले पहिले पीक अर्पण करीत.

अशा नगरीवर शेजारच्या थेब्जने रात्रीच्या अंधारात छापा घातला. तो फसला, प्लाटिआच्या लोकांनी हाती लागलेले १८० थेबन बंदिवान ठार मारले. (हेही सांगितलेच पाहिजे, या युद्धात निष्कलंक असे कोणी नाही.) त्यानंतर दोन वर्षांनी स्पार्टाने थेब्जचे मन राखण्यासाठी प्लाटिआला वेढा घातला. इ.स.पू. ४२७ मध्ये उपासमारीने जर्जर झालेल्या रक्षकांनी शरणागती पत्करली, ती न्यायाने वागविले जाईल या शब्दावर. स्पार्टाहून पाच न्यायाधीश आले. त्यांनी प्रत्येक बंदिवानाला एकच प्रश्न विचारला: या युद्धात तू स्पार्टाचे आणि तिच्या मित्रांचे काही भले केले आहेस काय? प्लाटिआच्या प्रवक्त्यांनी त्या समाध्यांकडे बोट दाखविले. तुमच्याच पूर्वजांची राख येथे आहे आणि तिची पूजा आम्ही करतो, असे विनवले. न्यायाधीशांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. 'नाही' असे उत्तर देणाऱ्याला बाजूला नेऊन मारण्यात आले. किमान दोनशे प्लाटिअन आणि पंचवीस अथेनियन असे संपले. स्त्रिया गुलाम म्हणून विकल्या गेल्या. पुढे ते गाव पायापर्यंत उकरून त्याच्या दगडविटांतून देवी हेराच्या मंदिराजवळ दोनशे फूट लांबी-रुंदीची एक धर्मशाळा बांधण्यात आली.

आणि अथेन्सने या निष्ठावंत मित्रासाठी काय केले? वेढा फोडण्यासाठी सैन्य पाठविले नाही. वाचलेल्यांना नागरिकत्व दिले, हे खरे. इ.स.पू. ४२१ मध्ये त्यांना राहायला एक गावही दिले, स्किओनी नावाचे. हे गाव रिकामे कसे झाले होते? अथेन्सनेच तेथील सारे प्रौढ पुरुष मारून आणि बायकामुलांना गुलाम करून ते रिकामे केले होते. एका कत्तलीतून वाचलेल्यांना दुसऱ्या कत्तलीच्या घरांत राहायला धाडले! यावर काय भाष्य करावे?

लोकशाहीचे मतदान

ज्या वर्षी प्लाटिआ बुडाले, त्याच वर्षी लेस्बॉस बेटावरील मिटिलिनी या नगरीचे बंड अथेन्सने मोडले. लोकसभा भरली, क्लिऑनने भाषण ठोकले आणि मिटिलिनीच्या झाडून साऱ्या प्रौढ पुरुषांना ठार मारण्याचा ठराव बहुमताने संमत झाला. हुकूम घेऊन नौका रवानाही झाली. दुसऱ्या दिवशी लोकांचे मन खाऊ लागले. पुन्हा सभा, पुन्हा चर्चा, आणि अगदी थोड्या मतांच्या फरकाने पहिला ठराव रद्द. दुसरी नौका निघाली. वल्हेकऱ्यांनी वल्ही न थांबवता दारू आणि तेलात कालवलेले जवाचे पीठ खाल्ले, पाळीपाळीने झोप घेतली. पहिल्या नौकेला अशा कामाची घाई नव्हती, म्हणून ती संथ गेली होती. तिने आणलेला हुकूम सेनापती वाचत असतानाच दुसरी नौका बंदराला लागली. हा प्रसंग अथेन्सच्या विवेकाचा दाखला म्हणून सांगितला जातो. जरूर सांगा. पण बंडाचे सूत्रधार म्हणून पकडलेल्या हजारांहून अधिक लोकांना त्यानंतरही मारण्यात आले, अशी नोंद थ्युसिडिडीज करतो. विवेकाची ही किंमत!

अकरा वर्षांनी, इ.स.पू. ४१६ मध्ये, तो विवेकही उरला नाही. मेलॉस हे तटस्थ राहू इच्छिणारे बेट. न्यायाची भाषा बरोबरीच्या लोकांत चालते, दुबळ्याने सोसायचे असते, असे अथेन्सच्या दूतांनी मेलॉसच्या पंचांना तोंडावर सुनावले. मग वेढा, शरणागती, पुरुषांची कत्तल, बायकामुलांचा लिलाव आणि त्या भूमीवर पाचशे अथेनियनांची वसाहत. हे सारे कोण्या उन्मत्त राजाने नव्हे, हात वर करून मत देणाऱ्या नागरिकांनी केले. पुढच्या वर्षी युरिपिडीजचे 'ट्रॉयच्या स्त्रिया' हे नाटक त्याच नागरिकांनी पाहिले.

इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेसाठी भाड्याने आणलेले थ्रेसचे सैनिक उशिरा पोहोचले. त्यांचा रोजचा पगार परवडेना म्हणून अथेन्सने त्यांना परत धाडले, आणि वाटेत शत्रूचे जे काही नुकसान करता येईल ते करा, अशी सूचना सोबतच्या अथेनियन अधिकाऱ्याला दिली. मिकॅलेसस या बेसावध गावात ते पहाटे शिरले. तेथे मुलांची मोठी शाळा होती. मुले नुकतीच वर्गात येऊन बसली होती. एकही वाचले नाही. अत्यंत संयमी लेखणीचा थ्युसिडिडीज येथे मात्र गलबलतो.

ग्रीकांच्या बाजूने मला एकच गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. हे सारे लिहून ठेवणारा माणूस अथेन्सचाच होता, सेनापती होता, अपयशाबद्दल हद्दपार झालेला होता, आणि तरीही त्याने ना आपल्या नगरीची पापे झाकली ना शत्रूची वाढवून सांगितली. ज्या समाजात असा इतिहासकार निपजतो, त्याला सर्वस्वी नाकारता येत नाही.

आता कोणी म्हणेल, अथेन्स वाईट तर स्पार्टा चांगली! आपल्या वाचकांपैकी अनेकांना स्पार्टाच्या शिस्तीचे आकर्षण आहे, हे मला ठाऊक आहे. तरुणपणी मलाही होते. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की ती शिस्त हेलॉट नावाच्या गुलाम शेतकऱ्यांच्या पाठीवर उभी होती आणि त्यांच्यावर स्पार्टाचे अधिकारी दरवर्षी रीतसर युद्ध पुकारीत, म्हणजे त्यांना मारल्याचे पाप लागू नये! युद्धात शौर्य गाजविलेल्या सुमारे दोन हजार हेलॉटांना मुक्तीच्या नावाखाली निवडून, पुष्पमाला घालून देवळांभोवती फिरविले गेले आणि मग त्यांचा ठावठिकाणा कोणालाच कळला नाही. ही शिस्त नव्हे, हे भय आहे.

इराणचे सोने

सिसिलीत अथेन्सचे आरमार बुडाले आणि स्पार्टाला विजय दिसू लागला. पण आरमार बांधायला पैसा कुठला? तो सूसाच्या खजिन्यात होता. 'ग्रीसच्या मुक्तीसाठी' लढणाऱ्या स्पार्टाने इ.स.पू. ४१२-११ मध्ये इराणी सम्राटाच्या क्षत्रपाशी एकापाठोपाठ तीन करार केले. पहिल्याची भाषा अशी होती की सम्राटाच्या पूर्वजांच्या ताब्यात जे जे होते ते ते सम्राटाचे. याचा अर्थ निम्मा ग्रीस पुन्हा इराणला देणे, हे लिखास नावाच्या एका स्पार्टननेच बोलून दाखविले, तेव्हा मजकूर सुधारला. तरी आशियातील ग्रीक नगरे विकली गेली ती गेलीच. राजपुत्र सायरसच्या पैशावर लायसँडरने आरमार पोसले आणि इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स शरण आले. थेब्ज आणि कॉरिन्थ यांनी अथेन्स समूळ नष्ट करण्याची मागणी केली. ग्रीसच्या सर्वांत मोठ्या संकटात या नगरीने केलेली सेवा विसरता येणार नाही, असे म्हणून स्पार्टाने नकार दिला. प्लाटिआच्या वेळी न आठवलेला इतिहास येथे आठवला. बासरीवादक मुलींच्या सुरांवर अथेन्सची तटबंदी पाडण्यात आली. हा ग्रीसच्या स्वातंत्र्याचा पहिला दिवस आहे असे त्या वेळी लोकांना वाटले, असे झेनोफन लिहितो.

ते स्वातंत्र्य किती टिकले? अवघी नऊ वर्षे. स्पार्टा डोईजड झाल्याचे पाहून इराणने चाल बदलली. ऱ्होड्सचा टिमोक्रेटिस पन्नास टॅलंट चांदीच्या किमतीचे सोने घेऊन थेब्ज, कॉरिन्थ आणि आर्गॉस येथील पुढाऱ्यांकडे फिरला. पुढारी आधीच चिडलेले होते. पैशाने फक्त धीर दिला. इ.स.पू. ३९५ मध्ये स्पार्टाविरुद्ध युद्ध सुरू झाले. आशियात इराण्यांना जेरीस आणणारा स्पार्टाचा राजा अगेसिलॉस याला मोहीम सोडून परतावे लागले. सम्राटाच्या धनुर्धरांनी मला हाकलले, असे तो खेदाने म्हणाल्याचे सांगतात. इराणी नाण्यांवर धनुर्धराची आकृती असे! आणि इ.स.पू. ३९३ मध्ये अथेन्सची तटबंदी पुन्हा उभी राहिली ती इराणच्याच पैशाने. कामाला हात लावायला शेजारच्या बिओशियातूनही माणसे आली. हा बिओशिया म्हणजे त्याच थेब्जचा प्रांत, ज्याने अकरा वर्षांपूर्वी अथेन्स मातीत मिळवा म्हणून आग्रह धरला होता.

शेवटी इ.स.पू. ३८६ मध्ये जो तह झाला त्याचे नावच 'सम्राटाचा तह' असे आहे. आर्टाझर्क्सिस दुसरा याने सूसातून फर्मान काढले: आशियातील नगरे माझी, बाकीची ग्रीक नगरे स्वायत्त, जो मानणार नाही त्याच्याशी मी लढेन. ज्या झर्क्सिसला प्रचंड सैन्य आणि आरमार आणूनही जे जमले नाही, ते त्याच्या वारसाने एका पत्राने केले आणि ते पत्र ऐकायला सारे ग्रीक दूत रांगेत उभे होते.

त्या फर्मानातील 'स्वायत्त' हा शब्द नीट पाहावा. ऐकायला किती गोड! त्याच शब्दाच्या बळावर स्पार्टाने थेब्जचा प्रांतिक संघ मोडला. इ.स.पू. ३८५ मध्ये मँटिनियाची नदी अडवून पाणी कच्च्या विटांच्या तटात शिरवले, तट ढासळला आणि त्या नगरीचे तुकडे करून लोकांना खेड्याखेड्यांत पांगवले. उत्तरेत ऑलिंथसने अनेक गावांना एकत्र आणून एक बलाढ्य संघ उभा केला होता, तोही इ.स.पू. ३७९ मध्ये स्पार्टानेच मोडला. मॅसिडोनियाला शेजारी रोखून धरू शकेल अशी तीच एक शक्ती होती. फिलिपचा मार्ग कोणी मोकळा केला, याचे उत्तर येथे आहे.

थेब्जचा उदय, इ.स.पू. ३७१ मधील ल्यूक्ट्राचा विजय, एपॅमिनाँडसची असामान्य प्रतिभा हे सारे वाचताना क्षणभर आशा वाटते. पण इ.स.पू. ३६७ मध्ये थेब्जचा पेलॉपिडसही सूसाच्याच दरबारात अनुकूल फर्मान मागायला गेला. इ.स.पू. ३६२ मध्ये मँटिनियाच्या लढाईत एपॅमिनाँडस पडला. या लढाईनंतर ग्रीसमधील गोंधळ पूर्वीपेक्षा वाढलाच, असे सांगून झेनोफनने आपला ग्रंथ संपविला.

म्हणून डेमॉस्थिनीसची ती धगधगती भाषणे वाचताना माझे मन द्विधा होते. त्याची तळमळ खरी होती. कायरोनियाला अथेन्स आणि थेब्ज अखेर खांद्याला खांदा लावून लढले, हेही खरे. तेथील दगडी सिंहाखाली उत्खननात सापडलेले २५४ सांगाडे थेब्जच्या 'पवित्र पथका'चे मानले जातात. त्यांच्या शौर्यापुढे मान झुकते. पण स्पार्टा त्या दिवशी आलीच नाही. आणि पुढच्या वर्षी फिलिपने कॉरिन्थ येथे ग्रीकांना आपसांत लढण्यास बंदी घातली. जे त्यांनी स्वेच्छेने कधी केले नाही, ते जेत्याच्या आज्ञेने करावे लागले.

इ.स.पू. ३३५ मध्ये थेब्जने बंड केले. अलेक्झांडरने नगरी जिंकली. सहा हजारांहून अधिक माणसे मारली गेली, सुमारे तीस हजार गुलाम झाली. पण घरोघर घुसून कत्तल करण्यात पुढे होते ते मॅसिडोनियन नव्हेत. ते होते फोकिस, थेस्पिआइ, ऑर्कोमेनस आणि प्लाटिआ येथील ग्रीक. थेब्जचे काय करायचे, हा निर्णय अलेक्झांडरने या मित्रांवरच सोपविला. त्यांनी नगरी जमीनदोस्त करून शिवार वाटून घेण्याचे ठरविले. कवी पिंडरचे घर तेवढे अलेक्झांडरच्या सांगण्यावरून वाचले. त्याच बैठकीत आणखी एक ठराव झाला: थेब्जने पाडलेली प्लाटिआची तटबंदी पुन्हा बांधून द्यावी.